चिंचेखालची माती

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. लिहायचं काम आमच्या घरात आजवर कुणी केलेलं नाही. आजोबांचा लेखनाशी संबंध सोसायटीच्या कागदावर अंगठा उठवण्यापुरता होता. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो सहीपर्यंत आणला. मी बारामतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तेवढ्या जोरावर एखाद्या जित्याजागत्या माणसावर लिहायला बसावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. त्यातून तो माणूस आमचा बांधकरी. बांधाला बांध असलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहिलं तर भावकी हसते आणि वाईट लिहिलं तर कुदळ निघते. तरीही लिहितो, कारण बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी स्वतःच्या जमिनीची इतकी बेसुमार तरफदारी करणारा दुसरा माणूस मिळायचा नाही. लोक पोरांची बाजू घेतात, पक्षाची घेतात, कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेलची घेतात. आमचे बांधाशेजारचे आबा मातीची बाजू घेतात.

आबा रानात चपला घालून जात नाहीत. बँकेत जातात, तलाठ्याकडे जातात, लग्नात थेट स्टेजवर जातात, पण बांध आला की चपला काढून काखेत. रानात भांडण करायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. भाऊबंदांशी शिवीगाळ रंगात आली की आबा हात वर करून म्हणतात, "थांब, रस्त्यावर चल," आणि दोघं शहाण्यासारखे रस्त्यापर्यंत चालत जाऊन तिथं पुन्हा सुरू करतात. जमिनीला वाईट शब्द तर कुणी बोलायचाच नाही. माळेगावचा एक ट्रॅक्टरवाला नांगरता नांगरता सहज म्हणाला, "आबा, रान लय कडक हाय तुमचं." आबांनी त्याला खाली उतरवलं. "कडक न्हाय, स्वाभिमानी हाय. तुझा फाळ बदल." सुप्याकडचे त्यांचे व्याही आपल्या कोरडवाहू रानाला नावं ठेवू लागले, तर आबांनी त्यांनाही दम भरला. "ती वाईट न्हाय, पाव्हणं, ती उपाशी हाय. उपाशी माणसाला तुमी आळशी म्हणता व्हय?" व्याह्यांनी तेव्हापासून आमच्या गावात शेतीचा विषय काढलेला नाही. एकदा आम्ही सगळे भिगवणला मासे खायला गेलो होतो. आबांनी ताटातल्या कच्च्या कांद्याचा एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कुठल्या रानातला हाय ह्यो? मातीत दम न्हाय." हॉटेलवाल्यानं आत जाऊन चौकशी केली, तर कांदे आमच्याच गावचे निघाले. आबांनी शांतपणे दुसरी फोड उचलली, बराच वेळ चावली आणि म्हणाले, "हां. आता लागली चव."

अशा माणसाच्या दारात एक दिवस माती परीक्षण आलं. कृषी सहायक मॅडमनी आमच्या रानात प्रात्यक्षिक ठेवलं होतं. रानातून नागमोडी चालायचं, ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडून घमेल्यात गोळा करायची, सगळी मिसळायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेली पुन्हा मिसळायची, असं करत अर्धा किलो राहिली की पिशवीत भरायची. आबा सगळ्यात पुढे बसले होते. नागमोडी चालण्यालाच त्यांची हरकत. "मॅडम, आमी जलमभर सरळ चाललो. आता म्हातारपणी झिंगल्यासारखं चालायचं, ते बी स्वतःच्या रानात?" मॅडम हसल्या आणि पुढे सांगत राहिल्या. चार भागांतले दोन टाकून दिल्यावर मात्र आबा उठलेच.

"ती का टाकली?"

"लागत नाही ती, आबा. नमुना थोडाच पुरतो."

"न्हाय, पण हीच का टाकली? ती काय नापास झाली का?"

माती कोणतीही टाकली तरी चालते, हे मॅडमनी परोपरीनं सांगितलं. प्रात्यक्षिक संपल्यावर आबा टाकलेली माती उपरण्यात घेऊन एकेका खड्ड्यात परत घालत फिरत होते. रान आमचं होतं, त्यांचं नव्हतं, तरीही. शेवटी मॅडमनी बजावलं होतं, की झाडाखालची, गोठ्याजवळची, उकिरड्याची माती घ्यायची नाही. ते ऐकताना आबांची मान हलत होती. ती होकारानं हलते आहे, असा आमचा सगळ्यांचा समज झाला.

आबांचं रान दोन तुकड्यांत आहे. वरचं गोठ्यापाशी, खालचं ओढ्याला लागून. नमुना द्यायचा होता खालच्या रानाचा, कारण ऊस तिथं पिवळा पडायला लागला होता आणि उन्हाळ्यात वरंब्याच्या माथ्यावर मिठासारखं पांढरं फुटत होतं. आबांनी नमुना घेतला तो गोठ्यामागच्या चिंचेखालून, जिथं त्यांच्या वडिलांच्या काळापासून शेण पडत आलंय. नुसता घेतला नाही. खडे वेचले, सावलीत वाळवला, माईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पिठाची चाळणी नेऊन चाळला. मी भीत भीत म्हणालो, "आबा, मॅडम म्हणाल्या होत्या की झाडाखालची..."

"तू कालिजात जातोस ना? मग मला सांग. पोरगी दाखवायची असली तर तिला चुलीपुढनं राखुंड्या तोंडानं उठवून पाव्हण्यापुढं बसवतो का आपण? तोंड धुतो, पावडर लावतो, चांगलं लुगडं नेसवतो. मग परक्या गावात, परक्या माणसापुढं, खालच्या रानातली माती तशीच पाठवू? आब्रू हाय का न्हाय?"

माझ्या गाडीवर मागं बसून आबा बारामतीला आले. पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली, आणि प्रत्येक गतिरोधकाला "हळू रं." प्रयोगशाळेतल्या मुलीनं विचारलं, "कुठल्या रानातली आहे?" आबा म्हणाले, "घरची हाय." तिनं विचारलं, "सगळीकडची मिसळलीय ना?" आबा म्हणाले, "मिसळायला लागत न्हाय. हिच्यात सगळं हायच." त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

अहवाल आला तो इतका देखणा की लग्नाच्या बाजारात एक दिवसही बिनलग्नाचा राहिला नसता. सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद भरपूर, पालाश भरपूर, क्षारांचं नाव नाही. शिफारस अशी, की रासायनिक खतांची मात्रा निम्म्याहून कमी करावी. आबांनी त्याला प्लास्टिकचं आवरण घालून घेतलं आणि बैठकीत गणपतीच्या शेजारी टांगलं. चहा गणपतीला दाखवायचे की अहवालाला, ते आम्हाला कधी कळलं नाही. आणि माणूस प्रामाणिक इतका, की चिंचेला दिलेला सल्ला त्यांनी खालच्या रानात अक्षरशः पाळला. खत निम्मं केलं. ऊस आणखी पिवळा झाला. आबा म्हणाले, "पिवळा न्हाय, गोरा हाय."

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. पण खालच्या रानाच्या वर आमचं रान आहे, आणि आमच्या रानातही पांढरं फुटायला लागलं होतं. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं मुरलेलं, त्याला बाहेर जायला वाट नाही. वाट काढायची तर चर खणून पाणी ओढ्याला सोडायचं, आणि ओढ्याकडे जाण्याचा रस्ता एकच, आबांच्या खालच्या रानातून. चर झाली नाही तर दोन्ही रानं क्षार साठून चोपण होणार, हे मॅडमनी आण्णांना स्पष्ट सांगितलं होतं. चोपण झालेल्या रानात बाभळसुद्धा मन लावून येत नाही. आण्णा बोलायला कमी. ते एका सकाळी टोपी नीट करून आबांच्या बैठकीत गेले. मी मागं होतो.

"आबा, चरीचं बघायचं का?"

"कशाची चर?"

"पाणी साठतंय खाली. रान बिघडाय लागलंय."

"तुमचं बिघडलं आसंल," आबा म्हणाले आणि भिंतीकडे बोट केलं. "आमचा कागद वाचलाय का? ज्याला रोग, त्यानं आपरेशन करावं. निरोगी माणसाच्या पोटावर सुरी कशाला?"

आण्णांनी कागदाकडे पाहिलं, गणपतीकडे पाहिलं, आणि उठले. बांधावरून परतताना ते मला एवढंच म्हणाले, की पुढच्या साली आपल्या रानाचा खालचा निम्मा तुकडा पडीक ठेवू. आमच्याकडे पडीक हा शब्द कुणी गेल्यासारखा हळू उच्चारतात.

पुढं जे झालं ते माईंनी केलं. मी सुट्टीत घरी होतो, त्यांच्याकडे ताक आणायला गेलो होतो. आबा जेवत होते आणि कारखान्याच्या ऊसतोडीत पहिला नंबर लावायच्या गोष्टी सांगत होते. माईंनी भाकरी वाढली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "अवो, यंदा लागण चिंचंखालीच करा की."

"काय?"

"ऊस. चिंचंखाली लावा. जागा थोडी हाय, पर कागदाची हाय. खालचं रान बसू द्या तसंच. त्याला कुणी इचारलं न्हाय, कुणी बघितलं न्हाय. आजारी माणसाला घरात कोंडायचं आन् शेजारचं गुटगुटीत पोर डाक्टरला दाखवून यायचं, आसं चाललंय आपलं."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो ताटातच ठेवला. मग हात धुऊन, चपला न घालता, खालच्या रानाकडे निघून गेले. मी ताकाचं भांडं घेऊन उभाच. माई म्हणाल्या, "जा तू. उन्हाचं ताक नासतंय."

मग माझी परीक्षा सुरू झाली आणि मी वसतिगृहावर आलो. आण्णा सहसा फोन करत नाहीत. केला तर पैसे पुरतात का एवढं विचारून ठेवतात. परवा केला, तेव्हा मागं कसलं तरी यंत्र घरघरत होतं. म्हणाले, आबांनी खालच्या रानाची माती पुन्हा दिली होती, एकट्यानं जाऊन, एस्टीनं. अहवालात क्षार निघाले, जिप्सम घाला, ताग पेरून गाडा आणि आधी पाण्याला वाट करा, असं आलं. चरीचं यंत्र आबांनीच बोलावलं. कुठून सुरू करायचं ते दाखवलं, आणि मग रानाकडे पाठ करून बांधावर बसले ते दिवसभर. कुणी बोलावलं नाही. माईंनी जेवण बांधावर आणलं, तेही तसंच राहिलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आत्ता मघाशी चर ओढ्याला भिडली," आण्णा म्हणाले. "आपलं पाणी आन् त्यांचं पाणी एकातच चाललंय. आवाज आला तसं आबा वळलं. बघत बसल्यात. मी बी बसलोय शेजारी. ठेवतो आता."