गांधीलमाशी घेऊन लालबागला

गणपतीच्या तोंडावर सगळी मुंबई कोकणात येत असते. अशा वेळी सावंतवाडीहून मुंबईला निघणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात, तिचा अनुभव मी या वर्षी घेतला. बसमध्ये मी, कंडक्टर, ड्रायव्हर आणि एक नारळाचं पोतं. "मॅडम, उलट्या निघालात?" कंडक्टरने विचारलं. मी तिकिटाचे पैसे पुढे केले. बोलायला गेले असते तर भांडण झालं असतं, कारण तोच प्रश्न घरातून निघताना नवऱ्याने, सासूबाईंनी आणि शेजारच्या दोन घरांनी विचारून झाला होता.

कारण मांडीवरच्या पिशवीत होतं. मी जंगलातले किडे मोजते. आमच्या सदाहरित जंगलात एका झाडावर किती प्रकारचे किडे राहतात, वर शेंड्याला कोण, खाली पाचोळ्यात कोण, यातच माझी सगळी नोकरी गेली. या वर्षी तंबूसारखं जाळं लावून धरलेल्या हजारो किड्यांत एक गांधीलमाशी निघाली. तांदळाच्या कणीएवढी, हिरवट चमकणारी, आणि मी आजवर पाहिलेल्या कुठल्याच गांधीलमाशीसारखी नाही. एकच. पुन्हा जाळं लावलं, पुन्हा मिळाली नाही. ती विज्ञानाला ठाऊक आहे की कोणी अजून पाहिलेलीच नाही, हे सांगू शकेल असा माझ्या ओळखीत एकच माणूस: गिरगावातले तळपदे सर. आयुष्यभर किडे मी गोळा केले आणि या गटाची नावं सरांनी सांगितली. ते आता मुंबईचं घर सोडून कायमचे मुलाकडे बंगळुरूला निघाले होते, तेही चतुर्थीच्या आदल्या दिवशी. "जाण्याआधी आण, मग माझ्याकडे सूक्ष्मदर्शकही नसेल," असं फोनवर म्हणाले. कुरिअरवाले स्पिरिट घेत नाहीत. म्हणून मी.

गांधीलमाशी एका बोटभर कुपीत स्पिरिटमध्ये होती, आणि कुपी सांडू नये म्हणून ती स्पिरिट भरलेल्या मोठ्या बाटलीत. आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

सकाळी दादरला उतरले. फुलबाजार रस्त्यावर सांडला होता आणि त्यातून वाट काढणं म्हणजे काटेरी वेलींतून जाण्यापेक्षा वाईट. वेली निदान ओरडत नाहीत. पत्रीच्या एका जुडीत आघाड्याच्या पानावर एक सुरेख अळी दिसली, म्हणून मी वाकले.

"मावशी, घेणार की नुसते किडे बघणार?" फुलवाली म्हणाली.

"बघणार," मी म्हटलं.

"मग बाजूला होऊन बघा ना. धंद्याचा टाइम हाय."

टॅक्सीवाले लालबागचं नाव काढताच मान फिरवत होते. शेवटी एकाने बसवलं आणि परळला पुलाखाली उतरवलं, कारण पुढे कुठल्यातरी मंडळाचा गणपती येत होता. पिशवी छातीशी धरून मी चालत लालबागला पोचले. मिरच्या कुटणाऱ्या डंकांच्या (मसाला कांडायच्या यंत्रांच्या) गल्लीत मला इतक्या शिंका आल्या, की एका दुकानदाराने पाण्याचा ग्लास पुढे केला. जंगलात जळवा लागतात, पण त्या शांतपणे लागतात.

वन्स, म्हणजे माझी मोठी नणंद, तिथल्या जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचा गणपती मुंबईतच बसतो. घर धुऊन लख्ख झालं होतं, वन्सांचे यजमान, म्हणजे भावजी, मखराला दिव्यांची माळ लावत होते. मी बाटली जपून कपाटावर ठेवली आणि तिला कोणी हात लावू नका असं बजावलं. सरांनी संध्याकाळी बोलावलं होतं, हातात वेळ होता. वन्सांनी मला माटवीसाठी (गणपतीच्या डोक्यावर फळंफुलं टांगायची लाकडी चौकट) कवंडाळाची रानफळं आणि सुपाऱ्या आणायला बाजारात पिटाळलं. अर्ध्या तासाचं काम. परतताना तो मघाचा गणपती आडवा आला. ढोल, ताशे, दोरखंड, आणि दोरखंडाच्या पलीकडे मला दिसणारी वन्सांची खिडकी. स्वयंसेवक म्हणे, "काकी, पाच मिनटं." ती पाच मिनिटं संपेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली.

घरी आले तर कपाटावर बाटली नाही.

"शेजारच्या परबांकडे ठेवलंय," वन्स आंबोळ्या उलटत म्हणाल्या.

"का?"

"का म्हंजे? परवा गणपती येतले घरात, आणि तू बाटली घेऊन इलंस! झाकण उघडून बघितलंय मी. वास येता."

"वन्स, दारू नाही ती. स्पिरिट आहे. आत माझा किडा आहे."

"मेलेलो मां? मग तर बरा झाला भायर काढलंय ता."

मी डोक्याला हात लावला. मग भावजींनी मला त्या मजल्याची रीत समजावून सांगितली. गणपतीच्या दिवसांत घरात सुकी मासळी नको, बाटली नको. पण सुकट, बोंबील काही कोणी टाकून देत नाही. मग ज्या घरी त्या वर्षी सुतक असेल, म्हणजे गणपती बसणार नसेल, त्या घरी सगळ्या मजल्याचे डबे आणि बाटल्या पोचतात. विसर्जनानंतर ज्याचं त्याला परत. या वर्षी परबांचे चुलते वारले होते. परबीणबाईंनी दारात उभं राहून सगळ्यांचं सामान घेतलं, शेवटी माझी गांधीलमाशी घेतली, आणि खोलीला कुलूप लावून दोघं नवराबायको बाराव्याला गावी गेले.

"गावी म्हणजे कुठे?" मी विचारलं, खरं तर मला कळलं होतं.

"सावंतवाडीच्या अलीकडे," भावजी म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली. जी वस्तू मी बसमध्ये रात्रभर मांडीवर घेऊन आले, ती आता एका कुलपाआड होती आणि किल्ली मी आले त्या रस्त्याने परत निघाली होती. विसर्जनानंतर बाटली मिळून मला काय उपयोग? उद्या सर जाणार होते. मी वन्सांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "आधी जेव." काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. मी रडकुंडीला आले होते, पण जेवले.

भावजींनी परबांना फोन लावून माझ्या हातात दिला. ते पनवेलच्या पुढे अडकले होते, मागे हॉर्न वाजत होते.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका," परब म्हणाले. "तोडा कुलूप. तसंपण ते माझं नाय, खालच्या मीटरबॉक्सचं काढून लावलंय."

भावजींनी पहारीने कुलूप तोडलं आणि मागे सरकले. मजल्यावरची सगळी माणसं जमली होती, पण उंबरा ओलांडायला कोणी तयार नव्हतं. सुतकाचं घर, आणि प्रत्येकाकडे परवा गणपती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"तूच जा," वन्स म्हणाल्या. "मग डोक्यावरून आंघोळ करूक होयी, त्याशिवाय घरात घेऊचंय नाय."

मी गेले. आत सुक्या मासळीचा असा दर्प होता की डोळ्यांत पाणी आलं. भिंतीला लागून डबे, डब्यांमागे कापडात गुंडाळलेल्या बाटल्या. माझी सापडेना, म्हणून मी एकेक उचलून दारात दाखवू लागले.

"ही कोणाची?"

"माझी नाय," एक गृहस्थ म्हणाले.

"ही?"

"आपली पण नाय बा."

"मग काय परबांच्या चुलत्याची?" एका बाईंनी नवऱ्याकडे बघत विचारलं. दारातले पुरुष हळूहळू कमी झाले. माझी बाटली कोपऱ्यात बोंबलाच्या डब्याला टेकून उभी होती. झाकण वन्सांनी नीट लावलं नव्हतं, मोठ्या बाटलीतलं स्पिरिट अर्धं सांडलं होतं. आतली कुपी मात्र भरलेली होती आणि गांधीलमाशी तळाशी होती. मी तिथेच, त्या दर्पात, झाकण घट्ट लावलं.

ओल्या केसांनी गिरगावात पोचायला संध्याकाळ झाली. सरांचं घर रिकामं झालं होतं. पुस्तकं खोक्यांत, भिंतीवर चौकटींचे डाग. टेबलावर फक्त सूक्ष्मदर्शक. सर थकले होते, पण आवाज तोच, करारी.

"उशीर केलास."

"सर, लालबागला विचारा," मी म्हटलं.

त्यांनी काचेच्या वाटीत गांधीलमाशी घेतली नाही. मलाच घ्यायला सांगितली. मला वाटलं, हात कापत असतील. मग म्हणाले, "बस तू. डोळा लाव. मी विचारतो, तू सांग. मिशीला पेरं किती?"

मी मोजली आणि सांगितली.

"शेवटची तीन जुळलेली की सुटी?"

"जुळलेली."

"पाठीवर खड्डे असतील बारीक."

"नाहीत. रेघा आहेत. उभ्या."

"आडव्या म्हणायचंय तुला."

"उभ्या, सर."

"पुन्हा बघ."

"तीनदा बघितलं!" मी चिडून म्हटलं. दिवसभराचं सगळं त्या वाक्यात आलं असावं. "तुम्हीच बघा ना आता. त्यासाठीच तर आणलीय."

सर खुर्चीत मागे टेकले. "मला दिसत नाही," म्हणाले. "या वर्षीपासून. मधोमध एक पिवळा डाग असतो, बाकी कडेकडेचं दिसतं. आत्ता तुझे कान दिसताहेत."

ज्यांच्या डोळ्यांसाठी मी आले, त्यांचे डोळेच गेले होते, आणि हे त्यांनी फोनवर सांगितलं नव्हतं. मला राग आला. मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

"रागाव हवं तेवढं," सर म्हणाले. "पण आधी पंख सांग."

मी पंख सांगितले, कंबर सांगितली, पायांचे काटे सांगितले. दिवे लागले, खालच्या गल्लीत कोणीतरी आरतीचा सराव करत होतं. सर डोळे मिटून ऐकत होते, मधूनच एखादा प्रश्न उलटा करून विचारत होते, आणि मग एकदम विचारायचे थांबले.

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे काही नाही. उभ्या रेघांची अशी मी पाहिलेली नाही, वाचलेलीही नाही. ही नवी आहे. लिही तू हिच्यावर, नाव दे."

"सर, मला या गटातलं काही कळत नाही. मी मोजणारी बाई आहे."

"मग आत्ता एवढा वेळ कोण सांगत होतं?" सर म्हणाले. "मला तर पिवळा डागच दिसत होता."

परतीची बस दुसऱ्या दिवशी सकाळची. ती खच्चून भरलेली होती. मखरं, पेटारे, झांजा, आणि माझ्या पायांशी कोणाच्या तरी मामींची शिलाई मशीन. बाटली पुन्हा मांडीवर. पेणपर्यंत माझी चरफड चालली होती: वन्सांवर, त्या ढोलांवर, आणि सगळ्यात जास्त सरांवर. ज्याला विचारायचं असा तो एकमेव माणूस दुपारच्या विमानाने निघून जाणार होता. एका किड्याचं नाव विचारायला मी गेले होते, आणि यापुढे कोणाला विचारायचं हा प्रश्न घेऊन येत होते. अशा प्रवासाला काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माणगावच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच. तेवढ्यात फोनवर एक निरोप आला. केरळातल्या कुठल्याशा कॉलेजातले प्राध्यापक, मी त्यांना ओळखत नव्हते. सोबत फोटो होता, पानावर बसलेली एक बारीक काळी गांधीलमाशी. "तळपदे सरांनी तुमचा नंबर दिला. म्हणाले, या गटातलं आता तुम्हाला विचारायचं. ही कोणती?"

मला न विचारता! मी फोन पिशवीत टाकला. खिडकीबाहेर गाड्यांची रांग बघत बसले. मग फोन काढला आणि फोटो मोठा करून पाहिला. पंख बरे आले होते, मिशी मात्र पानाच्या सावलीत गेली होती.

"मिशी दिसत नाही," मी लिहिलं. "पेरं मोजून सांगा. पाठीवर खड्डे आहेत की रेघा, तेही सांगा." खाली 'सवडीने कळवा' असं लिहिलं होतं, ते पाठवण्याआधी खोडलं आणि 'आजच कळवा' असं केलं.