हिरीचा थोराड कुलू

हिरी डोंगरावरच्या वाडीतून लोणावळ्याला रानभाजी विकायला यायची. १९३७च्या पावसाळ्यात आम्ही तिथे बंगली भाड्याने घेतली होती. माझे यजमान पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवीत. झाडांच्या मुळांच्या टोकांतली गुणसूत्रे मोजण्याचा त्यांना ध्यास होता.

हिरीच्या टोपलीत कुलूच्या, म्हणजे फोडशीच्या, भाजीच्या दोन जुड्या वेगळ्या बांधलेल्या असत. एकीची पाने नेहमीची, दुसरीची रुंद आणि जाड. ही दुसरी तिचा 'थोराड'.

"दोन्ही कुलूच ना गं?" मी विचारले.

"व्हय. पर त्यांची सोयरीक जमत न्हाई, बाई. शेजारी वाढलं तरी दाणं पोकळ ऱ्हात्यात. थोराड एकाच कड्यावर हाय. माझ्या आयनं राखलाय."

हे ऐकून यांनी चहा अर्धा टाकला आणि दोन्हींचे एकेक मुळासकट रोप मागवले. साध्या कुलूत सोळा गुणसूत्रे निघाली, थोराडात बत्तीस. या कुळाचा मूळ आकडा आठ, यांनी मला समजावले. कधीतरी अख्खा संच दुप्पट होतो, झाड दांडगे होते आणि जुन्या भावकीशी त्याचे बीज धरेनासे होते. नवी जात अशीही जन्माला येते.

हिरीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "सायेब, ह्या तर शेवया! एवढं शिकून शेवया मोजता व्हय?"

"मोजतो, आणि चुकतोही," हे म्हणाले.

एका रोपावर कोणी विश्वास ठेवला नसता. मुळे तर तोडल्याबरोबर औषधात बुडवावी लागत, आणि दम्यामुळे यांना कडा चढवेना. म्हणून हिरीनेच थोराडाची कड्यावर उरलेली सगळी, अकराच्या अकरा रोपे ओल्या मातीसकट डोक्यावरून आणली.

"मुळ्या घ्या. गड्डं मातर आजच माघारी लावायचं. थोराड दुसरीकडं कुटं न्हाई," तिने मला दोनदा बजावले आणि ती बाजारात गेली.

यांनी मुळांची टोके कापून घेतली आणि ते बाटल्या घेऊन आत गेले. मी रोपे धुतली, वाळवून नमुने म्हणून ठेवायला टिपकागदांत घालून दाबयंत्राचे स्क्रू आवळले आणि कॉन्व्हेंटात गिरवलेल्या अक्षरात अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. पुरावा पूर्ण हवा, एवढेच डोक्यात होते. हिरीचे बोलणे मी विसरले नव्हते. रानातले गवत, पुन्हा उगवेल, असे मनाशी म्हटले. यांना विचारलेही नाही.

दुपारी हिरी परतली. "बाई, टोपली रिकामी कशी?"

मी कागद उघडून दाखवले. चेचलेल्या गड्ड्यावरून तिने अंगठा फिरवला.

"आता ह्ये जगंल?"

"नाही."

"एक ठेवायचं हुतं की. सगळंच कशापाय?"

त्यातल्या त्यात बरे दोन गड्डे पदरात बांधून ती कड्यावर गेली. ते कुजले. आम्ही दरवर्षी तिथे येत राहिलो. पुढचे तीन पावसाळे ती वर जाऊन बघून यायची आणि साधा कुलू माझ्यापुढे ठेवताना सांगायची, "न्हाई, बाई." चौथ्या वर्षी तिने काही सांगितले नाही. मीच विचारले.

"आता नगा इचारू," ती म्हणाली.

त्याच हिवाळ्यात यांचा निबंध छापायला जायचा होता. स्वच्छ प्रत मीच केली. थोराडापुढे यांनी लिहिले होते : एकाच कड्यावर, सध्या आढळत नाही.

"कारण लिहू का?" यांनी विचारले.

मी नको म्हटले.