इंदूनं मशीन बंद केलं तो दिवस

"मावशी, आई गेली," एवढंच इंदूची वैशाली फोनवर म्हणाली. मी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये निवृत्तीआधीची आवराआवर करत होते. हातातली सुतळी हातातच राहिली. सव्वा महिना झाला या गोष्टीला. अजून कुणाशी तिच्याबद्दल धड बोलता आलेलं नाही, म्हणून हे लिहितेय...

इंदू मूळची खटावकडची. नवरा फौजेत हवालदार. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून निवृत्त झाला आणि मुलीच्या शाळेसाठी इथंच राहिला, गुडगावात एका गेटवर सिक्युरिटीत लागला. आमची ओळख माझ्या सेक्टरातल्या मराठी गणपतीत झाली. आरतीनंतर भांडी कोण घासणार म्हणून आम्ही बायका एकमेकींची तोंडं बघत होतो, तर ही पदर खोचून सरळ नळाखाली बसली. ते दिवस गुडगाव वाढण्याचे होते. मोहरीच्या शेतांत एकेक एक्स्पोर्टची फॅक्टरी उभी राहत होती आणि परदेशी शर्ट शिवायला बायका हव्या होत्या. इंदू आधी धागे कापायला लागली, वर्षभरात मशीनवर बसली. स्वतःच्या फोटोचं ओळखपत्र मिळालं तेव्हा ते दाखवायला दोन बस बदलून माझ्याकडे आली होती.

मग हळूहळू एकेक कळत गेलं. संडासाला कुलूप असायचं. ते उघडून घ्यायला मशीनच्या सगळ्या लाइनीत मिळून एकच पितळी टोकन, तेही सुपरवायझरच्या टेबलावर. एक बाई परत आल्याशिवाय दुसरीनं उठायचं नाही, आणि शिवलेले पीस कमी पडले तर टोकन मिळायचंच नाही. "मग करता काय गं?" मी विचारलं. "पाणीच पीत नाही," ती सहज म्हणाली, "मेच्या उकाड्यातसुद्धा. सवय होते, ताई."

तिच्या शेजारच्या मशीनवर राजकुमारी नावाची बुंदेलखंडातली तरुण बाई बसायची. सातवा महिना लागलेला. एका सकाळी तिनं तीनदा टोकन मागितलं, तीनदा नकार मिळाला. शेवटी बसल्या जागीच तिचे कपडे भिजले. ती मान खाली घालून कॉलरमागून कॉलर शिवत राहिली, डोळ्यांतलं पाणी कापडावर पडत होतं. इंदूनं आपलं मशीन बंद केलं. अंगावरची शाल काढून तिच्या कमरेला गुंडाळली आणि सुपरवायझरला म्हणाली, "पहले ताला खोलो, फिर सुई चलेगी." एकेक करत सगळी लाइन थांबली. "ताई, त्या हॉलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती," मला सांगताना ती म्हणाली, "माझीच मला भीती वाटली." जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुलूप निघालं. पंधरा दिवसांनी इंदूचं ओळखपत्र काढून घेऊन तिला गेटवरूनच परत पाठवलं.

ती माझ्याकडे आली. माझी केंद्राच्या एका मंत्रालयातली नोकरी, अर्ज लिहिण्यात हात बसलेला. मी तक्रार टाइप करून दिली. वैशाली शाळेच्या ड्रेसवर माझ्या दिवाणावर बसून पोहे खात होती. इंदू म्हणाली, "लेबर ऑफिसात याल माझ्याबरोबर? काही बोलू नका, नुसत्या शेजारी बसा."

"सरकारी नोकरी आहे माझी, इंदू. माझं नाव कुठं यायला नको."

"अच्छा," ती म्हणाली, कागदाची नीट घडी घातली आणि एकटीच गेली.

तपासणीला साहेब येणार हे फॅक्टरीला आधीच कळलं होतं. भिंतींना रंग लागला, संडासात साबण आला आणि 'आमची काही तक्रार नाही' असं बायकांकडून लिहून घेतलं गेलं. पहिली सही राजकुमारीची होती. मी चिडले, पण इंदू शांत. "पोटुशी बाई, काम गेलं तर जाईल कुठं?" पुढं कित्येक वर्षं नुसत्या तारखा पडत राहिल्या. मग फॅक्टरी नाव बदलून गुडगावपलीकडे मानेसरला गेली. त्या नावाची कंपनीच उरली नाही म्हणून प्रकरण बंद झालं. दुसऱ्या कुठल्या फॅक्टरीनं इंदूला घेतलं नाही. घरी साड्यांना फॉल लावत तिनं वैशालीला शिकवलं. नवरा गेला. मग तिच्या किडन्या बिघडल्या. पाणी कमी पिता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघून किंचित हसली होती. कारण तेच होतं की नाही, कुणास ठाऊक...

तेरावा रविवारी आला, म्हणून फॅक्टरीतल्या जुन्या बायकांना येता आलं. गुडगावातली तिची ती एकच खोली, समोरच्या टॉवरमुळे दुपारीसुद्धा अंधारी. बाकीच्या गेल्यावर एकजण मागं राहिली. केस पिकलेली, बारीक झालेली राजकुमारी. "हमने ही दस्तखत किया था," ती मला म्हणाली, "उन्होंने एक बार भी नहीं पूछा, क्यों किया. बेटा हुआ तो स्वेटर बुनकर लाईं." बराच वेळ ती रडत होती. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "आप तो पढ़ी-लिखी हैं. आप तो गई होंगी ना उनके साथ, लेबर दफ़्तर?"

माझ्या तोंडून "हाँ" निघून गेलं.

वैशाली चहा घेऊन मागंच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. एक कप तिनं राजकुमारीला दिला, दुसरा माझ्या हातात ठेवला.

"गरम आहे, मावशी," ती म्हणाली. "सावकाश."