वहीवाली मावशी

पुस्तकाला हात लावण्याआधी मावशी जे हात धुवायची, ते बघण्यासारखं होतं. आमच्या वाचनालयासमोरच्या बोरिंगवर आधी राखेनं, मग साबणानं, मग हात नाकाशी नेऊन बघायची. जराशी शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. पदराला हात पुसायची नाही, कारण पदराला वास असतो. त्यासाठी घरून वेगळं धुतलेलं फडकं आणायची आणि मग पायरीवर वाचत बसायची.

मावशी मोहाडीच्या बाजारात मासोळ्या विकायची. नवऱ्याचा वैनगंगेत मासेमारीचा डोंगा होता. तो दरडीवरून पडला, कंबर मोडली आणि कायमचा खाटेला लागला. त्याला गोष्टींचं वेड. मावशी चौथी शिकलेली, ती पुस्तकं घरी नेऊन त्याला वाचून दाखवायची. एक दिवस गावातल्या एका प्रतिष्ठित वाचकानं पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं. म्हणाले, याला मासोळीचा वास येतो. मी तेव्हा नवाच ग्रंथपाल, अक्कल बेताची. मावशीला सांगून मोकळा झालो की पुस्तकं इथंच वाचत जा, घरी नेऊ नका. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती फक्त ‘बरं भाऊ’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन आली.

दुपारी जेवढं वाचून होईल तेवढं ती एक-दोन ओळींत वहीत उतरवायची आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगायची. वहीचे तीन भाग होते, इतिहास, देवधर्म आणि धाडसाच्या गोष्टी. खुणेला जाळ्याचा दोरा. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी स्वतःचं मत. एका लढाईच्या पुस्तकाखाली लिहिलं होतं, ‘राजा नदी उतरला हे लिवलं. डोंगा कोनं चालवला ते काहून नाही लिवलं?’ एका पुराणाखाली, ‘देवाले सगळं दिसते, तरी भक्ताले इतक्यांदा तपासून पाहाते.’ समुद्री चाच्यांच्या कादंबरीवर तर ती चिडलीच होती. लेखक कधी डोंग्यात बसला नसावा, भर लाटेत कोणी उभं राहून भाषण देत नाही, असं तिनं बजावलं होतं. ती वही दाखवायची आणि मी हसायचो. बाहेरून कोणी पाहुणा आला की कौतुकानं पायरीकडे बोट दाखवायचो, बघा आमची वाचक. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

कारण तक्रार करणारे ते गृहस्थ दोन वर्षांतच मुलाकडे नागपूरला राहायला गेले. त्या नियमाचा कुठे कागदसुद्धा नव्हता, तो माझ्या तोंडातून निघालेला. तोंडानंच मागे घ्यायचा होता. पण ती रोज पायरीवर दिसायची आणि मला वाटायचं, तिला इथंच आवडतं. नऊ वर्षं मला असं वाटत राहिलं.

एकदा मी कुलूप लावत होतो. मावशी म्हणाली, “भाऊ, जहाज बुडून राहिलं आन् चार पानं उरली. घरी जाऊन त्यायले काय सांगू?” मी म्हटलं, उद्या या. पुस्तक तिच्या पिशवीत घालून द्यायला मला काय झालं होतं? त्या दिवशी तिनं घरी शेवट आपल्या मनानं रचून सांगितला. दुसऱ्या दिवशी खरा शेवट वाचून वहीत लिहिलं, ‘जहाज बुडते. पन त्यायले मी सांगतलं का सगळे काठाले लागले. तेच राहू द्यावं.’

गेल्या वर्षी कावीळ झाली आणि मावशी आठ दिवसांत गेली. तेरवी झाल्यावर तिची मुलगी वाचनालयात आली. मायलेकी बाजारात मासोळ्यांची एकच टोपली घेऊन बसायच्या, आता टोपली एकटीवर आली होती. तिनं फडक्यात गुंडाळलेली वही टेबलावर ठेवली. म्हणाली, “काका, माय सांगून गेली, यातलं सगळं तुमच्या पुस्तकातलं हाये, वही वाचनालयात जमा कर.”

मी वही उघडली आणि नको ते केलं, नाकाशी नेली. नुसता साबणाचा वास होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मुलगी खाली बघत म्हणाली, “बाबा रोज इचारते, आता कोन सांगन. एखादं पुस्तक घरी नेऊ देता का? मी हात धुऊनच वाचीन.” एवढं बोलून ती बोरिंगकडे वळलीसुद्धा.

मी कपाटातून ते जहाजाचं पुस्तक काढलं आणि तिच्यामागे पायरीपर्यंत धावलो.

“नको धुऊ, बाई. अशीच घेऊन जा.”

तिच्या आईला मी हे कधीच म्हटलं नाही.