थराला माती लावायची राहिली

गाव सोडलं त्या दिवशी बाबा मला एसटीच्या फाट्यापर्यंत पोचवायला निघाले आणि वाटेत नाल्यातच थांबले. उन्हाळ्यानं पाणी आटलं होतं, काठातला कोळशाचा थर उघडा पडला होता. लोहारानं टोपलंभर कोळसा नेऊन खाच तशीच टाकली होती. बाबांनी माझी बॅग खाली ठेवली आणि ओल्या मातीनं ती खाच लिंपायला बसले. "कोळसा काढला का माती लावाव लागते, नाही तं आतून धुमसते." हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. एसटी निघून गेली. मी चिडलो, मग दुसरी मिळाली.

वणीकडच्या त्या गावात तुम्ही माझ्याबरोबर वाढलात आणि आता नागपूर, पुणे, कुठे कुठे पांगलात. आपला थर फार जुना. पणजोबांच्या काळी कुणी साहेब हातोडीनं त्याची ढलपी काढून घेऊन गेला, असं म्हातारे सांगायचे. आपण हसायचो, दगड कसला न्यायचा म्हणून. आता त्याच थरापायी नाला, शेतं, घरं, सगळं खाणीत गेलंय. आई त्याआधीच गेली. बाबांना मी बोईसरला आणलं.

इथं माझी कंपनीत शिफ्ट असते, सुपरवायझरशी हिंदीत बोलावं लागतं, आणि मुलगी शेजारच्या पोरींसारखं "आमी नाय जात" म्हणायला लागलीय. बरं चाललंय म्हणायचं. बाबा मात्र मनानं इथं आलेच नाहीत. रोज सकाळी चपला घालून दारात उभे. "चाल, मले नाल्यावर ने. तुह्या मायची राख तिथंच सोडली, माहीबी तिथंच सोडजो." नाला राहिला नाही असं सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला घालतात. शेवटी मी सांगणंच सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात ते एकटेच निघून गेले. आम्ही शोधत होतो तेवढ्यात किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून मासे विकायला येणारी ताई धावत आली. "दादा, तुमचा बाबा कारखान्यामागच्या नाल्यात बसलाय. आमी हात धरला, पण उठत नाय."

त्या नाल्याचं पाणी काळं आणि कोमट. सकाळच्या गारव्यात त्यातून वाफ निघत होती. बाबा गुडघाभर पाण्यात बसून दोन्ही हातांनी काठाला चिखल लिंपत होते. मला पाहून ओरडले, "थर पेटला, पाह्य! कोणीच माती लावली नाही. उभा काऊन हाय?"

मी पँट वर केली आणि त्यांच्या शेजारी बसलो. हाताची आग होत होती, तरी लिंपत राहिलो. ऊन चढलं तशी वाफ विरली. बाबांनी समाधानानं पाहिलं. "विझला. चाल, घरी जाऊ." ताईनं तिच्या बाटलीतल्या पाण्यानं त्यांचे हात धुतले. मग ते माझ्या खोलीच्या उलट्या दिशेला चालायला लागले. मी मागून जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना खोलीकडे वळवलं.

त्या दिवसापासून बाबा अंथरुणातून उठत नाहीत. पण डोळे उघडले की नाल्याचंच विचारतात. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा, आपल्या नाल्याचं पाणी खाणवाल्यांनी कुठं वळवलं? ओंजळभर असलं तरी चालेल. उद्या बाबांची राख सोडायला तेवढी जागा मिळाली, तर तेच माझं घर.