नळावरची रांग आणि चाळीस नावं

आमच्या पिक्चर ग्रुपमध्ये कुणी कधी नाही म्हणत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ऑकलंडमध्ये मराठी पिक्चर लागायचा तर माणसं येतील अशी हमी आधी कुणीतरी थिएटरला द्यावी लागते. न्यू लिनकडचं एक थिएटर आम्हाला महिन्यातून एका रविवारी दुपारी चारला छोटा हॉल देतं. अट एकच, त्या आठवड्यातल्या गुरुवारी पाचच्या आत चाळीस नावं पक्की हवीत. त्यासाठी व्हॉट्सॲपवर यादी फिरते. यायचं असेल त्यानं अख्खी यादी कॉपी करायची, खाली आपलं नाव घालायचं आणि परत टाकायची. विचार बदलला तरी काही बोलायचं नाही. यादी पुन्हा टाकताना आपलं नाव तेवढं गाळायचं. सकाळी तुम्ही सतरावे असता, जेवणाच्या सुट्टीत बघता तर पंधरावे. कोण गेलं हे वर जाऊन शोधता येतं, पण शोधलं तरी विचारायचं नसतं. विचारणारा माणूस वाईट ठरतो, गळणारा नाही.

ग्रुपचे ॲडमिन काका मूळ पुण्याचे. वीस वर्षं इथे पुलांची डिझाइनं करतात. पिक्चर सुटला की पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीच्या डिकीतून थर्मास आणि खारी निघते. कागदी कपात चहा घेऊन सगळे गोल उभे राहतात आणि एकेक जण पिक्चरला दहापैकी मार्क देतो. पुकेकोहेहून तासभर गाडी हाणत येणारं जोडपंसुद्धा मार्क दिल्याशिवाय परत फिरत नाही. काकांनी साडेसहाच्या वर मार्क दिलेले मला आठवत नाहीत, फक्त राजेमहाराजांचा पिक्चर असला की सरसकट नऊ. मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही पिक्चरला मार्क देता की घोड्यांना?" सगळे हसले, काकाही हसले. तेव्हा आमचं बरं होतं.

मी सत्तावीस वर्षांची आहे, पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे काढते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. इथे ओल धरलेल्या भाड्याच्या घरांवर लिहिते, अकोल्यात होते तेव्हा वस्तीच्या नळावर लिहायचे. पहिलं पत्रक दहावीत असताना लिहिलं, विहाराच्या ओट्यावर बसून. लिहायला शिकवणाऱ्या सरांनी त्यातला अर्धा मजकूर लाल पेनानं कापला. मी आईच्या पाठदुखीबद्दल लिहिलं होतं. "पत्रकात रडायचं नाही," सर म्हणाले. "आपल्या घरचं दुःख मांडलं की लोक दया करतात. मुद्दा मांडला की त्यांना उत्तर द्यावं लागतं." हे मी इतकं पाठ केलं की पुढे कुठेच विसरता आलं नाही.

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आली. येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिची मोठी बहीण, माझी मावशी, एका पिक्चरमध्ये आहे. हिरॉइन वगैरे नाही, नळाच्या रांगेत. पाण्यासाठी भांडणाऱ्या एका बाईवरचा तो पिक्चर मावशीच्या गल्लीतच काढला होता आणि गल्लीतल्या बायकांना दोन दिवस आपापली कळशी घेऊन उभं केलं होतं. मावशीनं फोन करून आईला सांगितलं, "पिक्चर लागला की रांगेत मले शोधजो."

पिक्चर लागायच्या दहा दिवस आधी मावशी गेली. अकोल्यात तो एकच आठवडा होता, आणि त्या आठवड्यात आई मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या तयारीत होती. ते उरकेपर्यंत पिक्चर उतरला. ऑनलाइन तो आजही कुठे नाही. मावशीचे फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा एक आणि लग्नांमधले, त्यातही ती कायम कुणाच्या तरी मागे.

"इकडं येते का हा पिक्चर?" आईनं विमानतळावरून घरी येताना विचारलं होतं.

"आणू," मी म्हटलं.

आणायला मला पाच महिने लागले. पिक्चरवाल्यांना मेलवर मेल केले तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला. रविवार मिळाला तो आईच्या मुक्कामातला शेवटचा. सोमवारी तिचं परतीचं विमान होतं.

आमच्यात जो पिक्चर सुचवतो त्यानंच यादी भरायची असते. मी पहिलं नाव आईचं घातलं, दुसरं माझं. हिल्सबरोच्या काकूंनी लगेच चार नावं लावली, घरचे तिघं आणि "पाहुणे आले तर" म्हणून एक. पुकेकोहेवाले दोघं आले. शनिवारी रात्रीपर्यंत यादी एकतीसवर गेली. आई दर तासाला विचारायची, किती झाले. मी सांगायचे. ती बोटांवर उरलेले मोजायची.

सोमवारी काकांनी ग्रुपवर एका नव्या ऐतिहासिक पिक्चरचा ट्रेलर टाकला. खाली लिहिलं, "याच रविवारी थिएटर आपल्याला मोठा हॉल द्यायला तयार आहे. अर्थात आधीचं ठरलंय ते ठरलंय. फक्त माहितीसाठी." फक्त माहितीसाठी. मंगळवारी सकाळी आमची यादी सव्वीसवर होती.

मी चौघांना फोन केले. एकीनं विचारलं, "खूप सॅड आहे का गं? आठवडाभर काम करून पुन्हा तेच बघायचं म्हणजे..." मी म्हटलं, तेच म्हणजे काय, तू कधी उभी होतीस नळावर? ती म्हणाली, "तसं नाही गं," आणि तिचं नाव दुपारी गळलं. दुसरा म्हणाला, बाकीचे येत असतील तर मी आहेच. प्रत्येक जण बाकीच्यांची वाट बघत होता आणि ते बाकीचे म्हणजे हेच सगळे.

तेव्हा मी ते केलं जे मला येतं. बुधवारी लंचमध्ये ऑफिसच्या जिन्यात बसून पत्रक लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. त्यातल्या ओळी मला अजून पाठ आहेत. "राजांच्या पिक्चरला तीन-तीन गाड्या भरून येणाऱ्यांकडे पाण्याच्या रांगेतल्या बायकांसाठी दोन तास नाहीत. हा योगायोग नाही. कुणाकडे बघायचं आणि कुणाकडे नाही हे आपण देशातून बॅगेत भरून आणलं आहे. विमानतळावर बुटांची माती तपासतात, ही माती कुणी तपासत नाही." आणखी बरंच होतं. खोटं त्यातलं एक अक्षर नव्हतं. आजही नाही.

मावशीबद्दल मी एक शब्द लिहिला नव्हता.

काकांचं उत्तर पंधरा मिनिटांत आलं. "आपण सगळे इथे पिक्चरला जातो, मोर्चाला नाही. भावना समजू शकतो. प्लीज ग्रुपचं वातावरण सांभाळू या." त्याखाली ओळीनं हात जोडलेले आले. मग यादी. तेवीस. एकोणीस. ज्यांनी पहिल्याच दिवशी नावं दिली होती, ज्यांच्याबद्दल मी लिहिलंच नव्हतं, तेच आधी गळले. पुकेकोहेच्या दादांनी मला वेगळा मेसेज केला, "ताई, आम्ही तर येत होतो ना? आम्हाला का बोललात?"

गुरुवारी पाचला यादी सतरावर थांबली. थिएटरच्या मॅनेजर मुलीचा मेल आला, किया ओरा म्हणजे इथला माओरी नमस्कार, मग सॉरी, यावेळी जमणार नाही, पुढच्या महिन्यात बघू. रविवारचा चारचा वेळ काकांच्या पिक्चरला गेला. त्याच्या यादीत बासष्ट नावं होती.

घरी आई सोफ्यावर माझे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून बसली होती. थंड फरशीवर तिला तेच आवडायचे. मी सांगितलं.

"मावशीचं सांगितलं होतंस ना त्यायले?"

"नाही."

"काहून?"

मी म्हटलं, "आपलं माणूस गेलं म्हणून लोकांनी यावं का? पिक्चर बघण्यासारखा आहे म्हणून यावं. मी भीक नाही मागणार."

आईनं पाय सोफ्यावर वर घेतले. मग म्हणाली, "भीक कशाची बाई. सांगायचं असते. नळावर आम्ही काय पत्रक लावून नंबर धरत होतो? घरी लेकरू आजारी आहे म्हटलं की पुढची बाई सरकायची."

"आणि नाही सरकली तर?"

"तर भांडायचो. पण आधी सांगायचो."

मी वाद घातला, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. ती ऐकून घेत राहिली आणि बॅग भरायला उठली.

रविवारी हिल्सबरोच्या काकू गाडी घेऊन दारात आल्या. आईचं तिकीट त्यांनी काकांच्या पिक्चरचं काढून ठेवलं होतं. "तुझ्या आईला एकदा तरी इथलं थिएटर दाखवायला नको का?" मला जायचं नव्हतं. आई साडी नेसून तयार होती. मागच्या सीटवर काकूंची दहा वर्षांची मुलगी होती, ती इंग्रजीत म्हणाली, "इज धिस द सॅड वन?"

"नाही गं," काकू म्हणाल्या, "तो कॅन्सल झाला."

"ओह, स्वीट ॲज." म्हणजे इथल्या भाषेत, मस्तच.

मुलीवर रागावण्यात अर्थ नव्हता. तिनं फक्त मोठ्यांच्या मनातलं मोठ्यानं म्हटलं.

पिक्चर मी बघितला नाही, आईकडे बघत बसले. ती मन लावून बघत होती. टाळ्या पडल्या तिथे तिनंही वाजवल्या. पार्किंगमध्ये थर्मास निघाला, मार्क सुरू झाले, आठ, साडेआठ, काकांचे नऊ. मग काकांनी अदबीनं आईला विचारलं, "तुम्ही सांगा वहिनी. कसा वाटला?"

"चांगला होता भाऊ," आई म्हणाली. "घोडे लय होते." लोक हसले. ती पण हसली. "पण मले तो दुसरा पाहायचा होता. त्याच्यात माझी बहीण आहे. गेली ती. रांगेत उभी आहे म्हणे. मोठ्या पडद्यावर एकडाव पाहिली असती."

कुणाच्या तरी हातातली खारी चहात विरघळून खाली पडली. काकांनी कप डिकीत ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हे आधी सांगायचं ना. चाळीस काय, ऐंशी झाले असते."

ते मनापासून म्हणत होते. त्यांचे डोळे भरले होते. हे मला सगळ्यात जास्त लागलं. जिवंत बायांच्या रांगेसाठी यांना दोन तास नव्हते, आणि त्यातली एक मेलेली आहे म्हटल्यावर ऐंशी. आणि हे मला माहीत असताना मी गप्प बसले, तत्त्व म्हणून. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या. सोमवारी आई परत गेली. विमानतळावर म्हणाली, "तू पाहून घे. मले फोनवर सांग." मंगळवारी काकांनी स्वतः माझ्या पिक्चरची यादी टाकली, वर लिहिलं, "आपल्या ताईंच्या मावशींसाठी." संध्याकाळपर्यंत सेहेचाळीस झाले. एकही नाव गळलं नाही.

पुढच्या महिन्यात पिक्चर लागला. हॉल भरला होता आणि सगळे माझ्या मावशीची वाट बघत होते. हिरॉइन कचेरीत भांडते, हरते, पुन्हा जाते, हे सगळं त्यांनी शांतपणे चालवून घेतलं. नळ आला की खुर्च्यांमधून हलकी कुजबुज व्हायची. "ती का?" "हिरवी साडी?" रांग तीनदा दिसली, तिन्ही वेळा मागून, वरून, डोक्यावर पदर घेतलेली. पंधरा-सोळा बायका असतील. मी एकेकीची पाठ बघत होते. एकीची मान मावशीसारखी वाटली, दुसरीची चाल. मावशीला मी शेवटचं पाहिलं त्याला सहा वर्षं झाली होती.

काकांनी साडेसात दिले. "अर्धा मावशींसाठी," म्हणाले.

मी गाडीत येऊन बसले आणि आईला फोन लावला. तिकडे जेवणाची वेळ होती. एका रिंगमध्ये उचलला.

"दिसली?"

"दिसली," मी म्हटलं. इतकी वर्षं पत्रकं लिहिली, कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"कशी दिसत होती?"

"छान. हिरवी साडी होती."

"कळशी कोणत्या कमरेवर होती?"

मी आठवायचा प्रयत्न केला. ज्या पाठीला मी मावशी ठरवलं होतं ती डोळ्यांसमोर आणली.

"उजव्या."

आई म्हणाली, "मग ती नाही बाई. तिचा उजवा खुबा दुखे. जन्मभर तिनं डावीकडंच घेतली कळशी. तू दुसरीच कोणी पाहिली."

मी म्हटलं, "आई, सगळ्या मागूनच होत्या."

"हो. मी असती तर मागूनच ओळखली असती." ती चिडलेली नव्हती. तिनं फक्त सांगितलं. मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, विचारलं, "पण पिक्चर कसा होता? त्या बाईले पाणी भेटते का शेवटी?"

मला सांगता आलं नाही. ज्या पिक्चरसाठी मी सगळ्यांशी भांडले, तो मीही बघितला नव्हता. दोन तास मी फक्त एक पाठ शोधत होते, आणि शोधली तीही चुकीची.