जुनी मॅग्नम, नवी मॅग्नम आणि सकिनाबी

लोहाऱ्यात बंदुका दुरुस्त करायचं एकच दुकान होतं, मुनवरमियाँचं. आसपासचे परवानेवाले जमीनदार तिथं येत. मुनवरमियाँ त्यांना चहा पाजत, शिकारीच्या गोष्टी ऐकून घेत आणि हत्यार पडद्याआड नेत. चार दिवसांनी ते ठणठणीत होऊन बाहेर येई. मुनवरच्या हातात जादू आहे, असं लोक म्हणत. जादू होती हे खरं, पण हात त्यांच्या बायकोचे, सकिनाबीचे होते.

सकिनाबीचे वडील निजामाच्या काळात हैदराबादेत बंदुकांचे कारागीर. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी कानस मुलीच्या हाती दिली. ती लग्न होऊन आली तेव्हा मुनवरमियाँ कुलपं दुरुस्त करत. बंदुकांचं काम तिच्यामुळं सुरू झालं. बाहेर कुणी नुसता घोडा ओढला, तरी आवाजावरून आतली कुठली कमान, म्हणजे स्प्रिंग, थकलीय हे तिला पडद्याआड कळे.

एकोणीसशे त्रेसष्टात मुनवरमियाँना मोतीबिंदू झाला. दुकानाच्या परवान्यासाठी ते उस्मानाबादला कचेरीत गेले आणि कागदाऐवजी टेबलावर सही करून आले. कारकून भला माणूस. त्यानं टेबल पुसलं आणि समजावलं, की परवाना आता दुसऱ्या कुणाच्या नावावर करा. कारागिराची खात्री देणारी दोन परवानेवाल्यांची पत्रं आणा.

सकिनाबीनं स्वतःचंच नाव द्यायचं ठरवलं. बाईसाठी असं पत्र लिहून देणारा माणूस अजून जन्मायचाय, असं मुनवरमियाँचं मत पडलं.

"दोघं जन्मलेत," ती म्हणाली. "येतील."

ते दोघं म्हणजे धोंडप्पा आणि त्यांचा पुतण्या मल्लिनाथ. धोंडप्पा साठीचे. त्यांच्याकडं दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बनलेलं मॅग्नम रिव्हॉल्व्हर होतं, पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदाराकडून घेतलेलं. याच रिव्हॉल्व्हरनं रामलिंगाच्या जंगलात पाच गोळ्या झाडून बिबट्या पळवल्याची गोष्ट ते प्रत्येक लग्नात सांगत. मल्लिनाथ तिशीचा. त्यानं सहा महिन्यांपूर्वी मुंबईहून नवीकोरी मॅग्नम आणली होती. तेव्हापासून काका-पुतण्यांत एकच वाद चाले. जुन्या लोखंडाला तोड नाही, असं काका म्हणत. जुनं ते मोडीत घालायचं, असं पुतण्या म्हणे. शेवटी गेल्याच आठवड्यात दोघांनी दोन्ही रिव्हॉल्व्हरं मुनवरमियाँपुढं ठेवली होती आणि कुठली जास्त टिकेल याचा निकाल मागितला होता.

सकिनाबीनं दोन्ही खोलून पाहिली, तेव्हा तिला इतकं हसू आलं होतं की तिनं पदर तोंडात कोंबला होता. सोमवारी तिनं धोंडप्पांना एकट्याला बोलावलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत पहिल्यांदाच पडद्याबाहेर येऊन बसली.

"आप्पा, बिबट्यावर पाच गोळ्या झाडल्या व्हत्या न्हवं?"

"पाच."

"मॅग्नमचं काडतूस लई कडक असतंय. उडालं की नळीच्या बुडाशी, वरच्या पट्टीवर जाळाचा डाग पडतो. तुमच्या पट्टीवर डागच न्हाय. जहागीरदारानं बी उडवली न्हाय अन् तुमी बी न्हाय."

धोंडप्पांनी कमरेची चंची सोडली आणि सुपारीखालून पाच काडतुसं काढून तिच्यापुढं ठेवली. बिबट्या खरा होता, ते म्हणाले, पण पळाले ते स्वतः. हे कुणाकुणाला माहीत आहे, असंही त्यांनी हळूच विचारलं.

"कुणालाच न्हाय," सकिनाबी म्हणाली. "दिवसभर कामात असते, बोलायला सवड कुठं? पण दुकानाचा परवाना माझ्या नावावर व्हायला तुमचं पत्र लागतंय; ते न्हाय मिळालं तर रिकामीच बसंन. मग पाण्याला गेल्यावर बायांत काय तोंडातून निघंल, कसं सांगू?"

धोंडप्पांनी कागद मागितला.

मंगळवारी मल्लिनाथ आला. सकिनाबीनं त्याला गोळ्या भरायची चक्री उघडून बंद करायला सांगितली. त्यानं मनगटाला झटका देऊन ती खाटकन बंद केली, तंबूतल्या सिनेमातला शिपाई करतो तशी. एवढंच तिला पाहायचं होतं. चक्री ज्या दांड्यावर बाहेर येते, तो या झटक्यांनी वाकला होता. गोळी नळीसमोर नीट येत नव्हती आणि दर दोन बारांना एक बार फुसका जात होता. मल्लिनाथ हे चार महिन्यांपासून लपवत होता. त्याला पाण्याची आणि बायांची गोष्ट सांगावीच लागली नाही. दांडा सरळ होईल आणि काकाला कळणार नाही, एवढ्या बोलीवर त्यानं पत्र लिहून दिलं, वर सकिनाबी मराठवाड्यात अव्वल कारागीर असल्याचं स्वतःहून जोडलं.

निकाल मात्र मुनवरमियाँनीच चारचौघांत सांगितला: दोन्ही रिव्हॉल्व्हरं सारखीच टिकतील. काका-पुतण्या दोघांनी माना डोलवल्या. इतक्या मुकाट्यानं ते कधी काही ऐकत नसत, म्हणून लोकांना नवल वाटलं.

घरात मुनवरमियाँनी खरं काय ते विचारलं. ती म्हणाली, जुनीची जोडणी हातानं घासून केलेली, फट कुठं नाही. नवीचं पोलाद सरस. पण एक टिकली ती कपाटात राहून आणि दुसरी बिघडली ती मिरवण्यानं, त्याला हत्यारं काय करतील? यावर मुनवरमियाँ इतके हसले, की त्यांच्या आजारी डोळ्यांतून पाणी आलं.

दिवाळीनंतर परवाना आला. पडदा काढून सकिनाबीनं त्याचं फडकं केलं आणि तेलाचे हात त्याला पुसू लागली. पहिल्याच आठवड्यात उमरग्याहून बिराप्पा नावाचं नवं गिऱ्हाईक दुनळी बंदूक घेऊन आलं आणि उस्ताद कुठायत म्हणून विचारू लागलं. मुनवरमियाँनी कपबश्या विसळता विसळता हनुवटीनं बायकोकडं दाखवलं. तरी त्या माणसानं दुनळी मुनवरमियाँपुढंच धरली. सकिनाबीनं मान वर न करता त्याला सांगितलं, की आधी गोरोबाची ठासणीची बंदूक आहे, मग तुमची; तोवर चहा घ्या.